पोलीस प्रमुखाची सही (अमेरिकी शस्त्रनोंदणी)

अमेरिकेत मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीची रायफल असली निर्बंधित शस्त्रे घेण्यासाठी किंवा बनवण्यासाठी केलेल्या अर्जावर स्थानिक पोलीस प्रमुखाने द्यायचा दाखला. २०१६ पर्यंत व्यक्तीच्या नावाचा अर्ज या सहीवाचून पुढे सरकत नसे.

या शस्त्रांची नोंदणी १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने सुरू झाली. कायदा मुळात कराचा : शस्त्र हस्तांतरित करताना २०० डॉलर भरायचे, आणि पावती म्हणून मिळायचे ते टपाल तिकिटासारखे मुद्रांक. रायफलची नळी १६ इंचांहून किंवा शॉटगनची १८ इंचांहून आखूड असली, की ती या कायद्याखाली येते. घ्यायचे तर फॉर्म ४, स्वतः बनवायचे तर फॉर्म १. सोबत दोन इंची चौकोनी फोटो आणि बोटांच्या ठशांची कार्डे.

अर्जाच्या मागच्या बाजूला पोलीस प्रमुखाचा रकाना असे. फोटो व ठसे याच माणसाचे आहेत, आणि शस्त्र याच्या हाती गेल्यास कायदा मोडेल किंवा गैरवापर होईल अशी माहिती आपल्याकडे नाही, एवढेच तो लिहून देई. कागदावर ही परवानगी नव्हती, पण अर्जदाराच्या दृष्टीने दुसरे काय होते? शहराचा पोलीस प्रमुख, काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) पोलीस प्रमुख म्हणजे शेरीफ, राज्य पोलिसांचा प्रमुख किंवा सरकारी वकील यांपैकी कोणाचीही सही चाले. मात्र ती करण्याची सक्ती केंद्रीय नियमाने कोणावरच नव्हती. एक शेरीफ बसल्या जागी सही ठोके, शेजारच्या काउंटीतला कारण न सांगता अर्ज परत करी.

केंद्राने तसा हुकूम काढणेही सोपे नव्हते. स्थानिक पोलीस प्रमुखांना केंद्राच्या कामाला जुंपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात ठरवले. राज्यांना ही अडचण नव्हती. टेनेसी आणि केंटकी यांनी पात्र अर्जदाराला सही देणे कायद्याने बंधनकारक केले.

इतरत्र सही न मिळणाऱ्या अर्जदारांनी ट्रस्टची वाट धरली. सही, फोटो, ठसे हे सारे व्यक्तीसाठी. ट्रस्टला ना चेहरा ना बोटे. वकिलाकडून ‘गन ट्रस्ट’चा दस्त करून घ्यायचा आणि सायलेन्सर त्याच्या नावावर चढवायचा. युक्ती विनोदी खरी, पण पूर्ण कायदेशीर.

१३ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या ‘४१एफ’ नियमाने दोन्ही टोके कापली. सही गेली, आता अर्जाची प्रत पोलीस प्रमुखाला धाडली की झाले, उत्तराची वाट पाहायची नाही. ट्रस्टमधल्या प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’ला मात्र फोटो आणि ठसे द्यावे लागू लागले. पार्श्वभूमीची तपासणी आणि मंजुरी हे केंद्रीय शस्त्र विभागाचे, म्हणजे एटीएफचे काम.

१ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा कर शून्यावर आला. मशीनगनवर तो २०० डॉलरच आहे, आणि १९ मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. ठसे, फोटो आणि पोलीस प्रमुखाला धाडायची प्रत करमाफीनंतरही सुटलेली नाही.