वीज गेल्यावर फाइल सिस्टिम बचावते कशी?

फाइलमध्ये चार ओळी वाढल्या तरी फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला, अनेकदा तीन ठिकाणी लिहावं लागतं: मोकळ्या ब्लॉकच्या (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या) नकाशात, फाइलच्या आयनोडमध्ये (तिचा आकार, तिचे ब्लॉक कुठे आहेत वगैरे माहितीच्या नोंदीत) आणि प्रत्यक्ष डेटाच्या ब्लॉकमध्ये. डिस्क हे सगळं एका दमात लिहीत नाही. मध्येच वीज गेली, तर वापरातला ब्लॉक नकाशात मोकळाच दिसू शकतो आणि उद्या दुसऱ्या फाइलला दिला जातो. चार ओळी हरवण्यापेक्षा हे फार वाईट, कारण झळ नंतरच्या फाइलींनाही लागते.

युनिक्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला एफएससीके (fsck) हा प्रोग्रॅम अख्खी डिस्क चाळून अशा विसंगती दुरुस्त करायचा. डिस्क मोठ्या झाल्या तशी ही तपासणी तासन्‌तास चालू लागली.

सुटका झाली ती डेटाबेसवाल्यांच्या युक्तीने: आधी बदलाची नोंद लॉगमध्ये (यालाच जर्नल म्हणतात), मग मूळ जागी बदल. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्राच्या सीडर फाइल सिस्टिमने १९८७ पर्यंत ती अवलंबली होती. १९९० मध्ये आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये जेएफएस ही जर्नलवाली फाइल सिस्टिम आली, १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत एनटीएफएस. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी३ २००१ साली दाखल झाली. तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे आधीच्या, जर्नल नसलेल्या ईएक्सटी२ ची डिस्क फॉरमॅट न करता तिच्यावर नेता येई. वीज आली की फक्त जर्नल वाचायचं. बहुतेक वेळा काही सेकंदांचं काम.

पण जर्नलची सगळी भिस्त लिहिण्याच्या क्रमावर, आणि डिस्कच्या आत स्वतःची कॅश, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी तात्पुरती मेमरी, असते. ‘लिहिलं’ असं डिस्क सांगते तेव्हा डेटा त्या कॅशमध्येच असू शकतो. म्हणून कॅशमधलं आधी डिस्कवर उतरवायला लावणारे आदेश, म्हणजे राइट बॅरिअर, हवेत. ईएक्सटी३ मध्ये ते वर्षानुवर्षं, वापरणाऱ्याने स्वतः चालू केले नाहीत तर, बंदच असत. सुरक्षिततेपेक्षा वेगाला दिलेलं हे झुकतं माप मला चुकीचंच वाटतं. तिच्यानंतरच्या ईएक्सटी४ ने ते सुरुवातीपासून चालू ठेवले.

२००५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली झालेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम वेगळ्या वाटेने गेली: वापरातल्या ब्लॉकवर पुन्हा लिहायचंच नाही. नवी प्रत दुसरीकडे लिहून झाली की शेवटी मुळाशी असलेला पॉइंटर (ब्लॉक कुठे आहे हे सांगणारा निर्देश) बदलायचा. शिवाय प्रत्येक ब्लॉकला चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला तर ओळखू येईल असा पडताळणीचा आकडा.

तरी मेटाडेटा (नकाशा, आयनोड, नावं अशी फाइलींबद्दलची माहिती) शाबूत म्हणजे मजकूर शाबूत, असं नाही. २००९ मध्ये ईएक्सटी४ वापरणाऱ्यांना संगणक अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या फाइली सापडू लागल्या. डेटासाठी जागा उशिरा ठरवली जाई, नामांतराची (नवा मजकूर लिहिलेल्या तात्पुरत्या फाइलला जुन्या फाइलचं नाव देण्याची) नोंद मात्र आधीच पक्की होई. लिनक्स कर्नल २.६.३० ने नामांतरापूर्वी डेटा लिहिण्याची सोय केली. मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री हवी असेल, तर प्रोग्रॅमने एफसिंक (fsync, ‘हे आत्ता डिस्कवर उतरव’ अशी कर्नलला केलेली विनंती) बोलवायला हवं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.