वळवाचा ढग: पुढ्यात उभं राहून टिपायचा की चाळीस किलोमीटरवरून?

मे महिन्यातली संध्याकाळ. माझा मित्र पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या आसपास गाडी कडेला घेऊन बसलेला, आणि मी पुण्याहून सासवडला जाणाऱ्या बोपदेव घाटाच्या माथ्यावर. दोघांमध्ये सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर. दौंडच्या बाजूने उठलेला एकच ढग आम्ही पाच मिनिटांच्या फरकाने टिपला. रात्री दोन्ही फोटो घरी दाखवले, तर बायकोने विचारलं, "यातला कालचा कुठला?"

तिची चूक नव्हती. त्याच्या फोटोत क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी पाटीच्या रंगाचा एक पट्टा होता, छपराच्या वळचणीसारखा पुढे आलेला. त्याखाली पिवळट धूळ, वाकलेली बाभळ आणि कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढणारा एक माणूस. माझ्या फोटोत आभाळ स्वच्छ. त्यात एकच प्रचंड फ्लॉवर उगवलेला, डोकं ऐरणीसारखं सपाट, आणि पश्चिमेच्या उन्हाने अख्खा केशरी झालेला. खाली सासवडकडचे दिवे.

दोन्हीला आपण "वादळाचा फोटो" म्हणतो, आणि सगळी गडबड तिथेच होते. वळचणीचा फोटो आणि अख्ख्या ढगाचा फोटो हे दोन निराळे विषय आहेत. एक जिथून दिसतो तिथून दुसरा दिसत नाही. कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हे त्यानंतरचं. आधी ठरवायचं ते हेच, की आज यातलं काय हवंय. ते न ठरवता "जरा जवळ जाऊया" म्हणून निघालेला माणूस बहुतेक वेळा मधेच कुठेतरी थांबतो आणि करड्या चादरीचा फोटो घेऊन घरी येतो. पहिले दोन उन्हाळे मी तेच केलं. ढगापासून वीसेक किलोमीटरवर, मोठ्या आशेने.

या मधल्या अंतराचा घोळ समजला की बाकीचं आपोआप कळतं. वळवाचा ढग, म्हणजे क्युम्युलोनिंबस, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सहज १४-१५ किलोमीटर उंच जातो. इतक्या वर पोचल्यावर त्याला आणखी वर जाता येत नाही, म्हणून तो आडवा पसरतो आणि ऐरण तयार होते. ही ऐरण खालच्या पावसापेक्षा कितीतरी रुंद असते. तुम्ही वीस किलोमीटरवर असाल तर बहुतेकदा तिच्या खालीच असता. डोक्यावर छत, समोर छत, ऊन अडलेलं, त्यामुळे सावल्याही नाहीत. फ्लॉवरचा भाग त्या छताआड गेलेला, आणि वळचण अजून इतकी लांब की उन्हाळी धुरकटपणात ती आणि मागचा पाऊस एकच होऊन जातात. ढगाची उंची दिसत नाही, त्याचा पुढा दिसत नाही. उरतो तो फिकट राखाडी रंग.

म्हणून एक तर पार पुढ्यात जायचं, नाहीतर चांगलं लांब राहायचं.

पुढ्याचं आधी. वळचण, इंग्रजी नाव शेल्फ क्लाउड, तयार होते ती पावसाबरोबर खाली कोसळणाऱ्या गार हवेमुळे. ही जड हवा जमिनीवर आपटून पुढे पळते आणि वाटेतली गरम, दमट हवा पाचरीसारखी वर उचलते. उचललेल्या हवेतला बाष्प गोठत नाही, नुसता थेंब होऊन दिसायला लागतो आणि ती कड बनते. तिची उंची फार नसते, जमिनीपासून किलोमीटरभरसुद्धा नाही. त्यामुळे ती भव्य दिसायची तर तुम्ही तिच्यापासून तीन ते पाच किलोमीटरवर असायला हवं. दहावर ती नुसती क्षितिजावरची रेघ. डोक्यावर आली की खेळ संपला, कारण आतून ती म्हणजे फाटलेल्या गोधडीसारखे लोंबणारे तुकडे. फोटोला काही नाही, पाहायला मात्र छान.

आता हिशेब करा. वाऱ्याची ही धार ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर तीन किलोमीटर ती साडेचार मिनिटांत कापते. एवढाच वेळ तुमचा. त्यात ट्रायपॉड उघडायचा, लेन्स बदलायची, शेतात उतरून चांगली चौकट शोधायची असल्या गोष्टी बसत नाहीत. जागा आधी ठरवलेली हवी आणि गाडीचं तोंड जायच्या दिशेला वळवलेलं हवं. माझा मित्र दुपारी तीनला रस्ता पाहून ठेवतो आणि मग दोन तास उसाचा रस पीत बसतो. त्याचे फोटो चांगले येण्याचं खरं कारण ते.

उभं राहायचं तेही अगदी नाकासमोर नाही. ढग पूर्वेकडून येत असेल तर त्याच्या वाटेच्या थोडं उत्तरेला किंवा दक्षिणेला. म्हणजे वळचण तिरकी, दूर निमुळती होत गेलेली दिसते आणि चौकटीला खोली येते. सरळ समोरून ती भिंतीसारखी सपाट वाटते. शिवाय निसटायला वाट राहते. सोलापूर रस्त्याची अडचण हीच आहे: तो पूर्व-पश्चिम जातो आणि माझ्या पाहण्यातले तिकडचे वळीव बरेचदा त्याच रेषेत पश्चिमेकडे सरकतात. म्हणजे तुम्ही पुण्याकडे पळता आणि ढग मागून तुमच्याच रस्त्याने येतो. आडवा फाटा धरून त्याच्या वाटेतून बाजूला होणं केव्हाही बरं. यवतजवळ भुलेश्वरची टेकडी मोह घालते. वरून काय दिसेल या विचारानेच माणूस वेडा होतो. वीज कडाडत असताना टेकडी, एकटं झाड आणि उघडा माळ या तीनही जागा फोटोग्राफरच्या नाहीत.

कारण पुढ्याचा फोटो म्हणजे विजेच्या टप्प्यातला फोटो. यात पळवाट नाही. वीज पावसाच्या बाहेर दहा-पंधरा किलोमीटरवरही पडू शकते, आणि गडगडाट साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत ऐकू येतो. म्हणजे गडगडाट ऐकू आला याचा अर्थ तुम्ही टप्प्यात आहात. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात, पण ते पडून गेलेल्या विजेचं अंतर. पुढची कुठे पडेल ते त्यातून कळत नाही. तेव्हा पत्र्याच्या टपाची गाडी, काचा बंद, आणि फोटो काचेतून. काच आतून-बाहेरून पुसून ठेवा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, डॅशबोर्डवर पांढरा कागद असेल तर काढा, त्याचं प्रतिबिंब हमखास येतं. वाऱ्याने गाडी हलते, म्हणून शटर १/२५० च्या खाली नेऊ नका.

लेन्सचं एक गणित लोकांना पटत नाही. तीन किलोमीटरवरून वीस किलोमीटर लांबीची वळचण जवळपास १४५ अंशांत पसरलेली असते. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, १६ मिलिमीटरची लेन्ससुद्धा ९७ अंशच पाहते. एका फोटोत ती मावत नाही हे आधीच मान्य करा: एक तर उभे फोटो घेऊन पॅनोरमा जोडा, नाहीतर तिचा एक तुकडा निवडून खाली जमिनीवरचं काहीतरी धरा. मला दुसरं आवडतं. ताडपत्री ओढणाऱ्या माणसाशिवाय मित्राचा तो फोटो नुसता हवामानाचा नमुना झाला असता.

अख्ख्या ढगाचं सगळंच उलटं. इथे घाई नाही, वारा नाही, गडगडाटही नाही. अंतर ४० ते ८० किलोमीटर. एवढं कशाला, असं वाटतं खरं. पण १४ किलोमीटर उंचीची वस्तू पायापासून डोक्यापर्यंत, आजूबाजूच्या रिकाम्या आभाळासकट पाहायची तर तेवढं मागे जावंच लागतं. देवळाचा कळस पाहायला आपण गाभाऱ्याच्या दारात थांबत नाही, चौकात येतो.

अंतर मोजायला माझी रीत गावठी आहे, पण चालते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आभाळाचे साधारण दहा अंश झाकते. ढगाचा माथा क्षितिजापासून एका मुठीवर असेल तर तो ८० किलोमीटरच्या आसपास, दीड मूठ भरला तर पन्नासेक, दोन मुठी भरल्या तर चाळिसाच्या आत. तीन मुठींवर गेला की तुम्ही त्या करड्या पट्ट्यात शिरताय. ढग १४ किलोमीटरचा धरून केलेला हा अंदाज आहे. अजून वाढत असलेल्या ढगाला तो लागू नाही, तो बुटका असल्याने असतो त्यापेक्षा लांब वाटतो.

इथे बाजू फार महत्त्वाची, पुढ्याच्या फोटोपेक्षाही. ढग पूर्वेला आणि तुम्ही पश्चिमेला असाल तर संध्याकाळचं ऊन तुमच्या पाठीवरून थेट त्याच्या अंगावर पडतं आणि फ्लॉवरचा एकेक गड्डा उठून दिसतो. पाऊसही उन्हात न्हात असेल तर समोर इंद्रधनुष्य, कारण ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच उमटतं. ढग उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर ऊन तिरपं येतं, एक कड उजळ आणि दुसरी सावलीत. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात आवडतो, त्यात ढग गोल वाटतो. ढग पश्चिमेला आणि सूर्य त्याच्यामागे असेल तर चंदेरी काठ मिळतो, बाकी काळं. आणखी एक: लांबून पाहताना ढगाचा तळ डोंगरांमागे किंवा धुरळ्यात जातो. बोपदेववरूनही माझ्या ढगाचा पाऊस दिसत नव्हता. पाऊस दिसायलाच हवा असेल तर दोन मुठींपर्यंत जवळ या आणि उंच जागा सोडू नका, अर्थात गडगडाट नसेल तरच.

लांबच्या वस्तूसाठी मोठी टेलिलेन्स हवी, हा समज इथे उपयोगाचा नाही. पन्नास किलोमीटरवर साठ किलोमीटर रुंदीची ऐरण ६० अंशांहून जास्त जागा घेते. म्हणजे २४ मिलिमीटर, थोडक्यात मोबाइलचा साधा मुख्य कॅमेरा. १०० किंवा २०० मिलिमीटर काढायची ती माथ्यावरच्या उकळत्या भागासाठी. जवळ जाणं आणि झूम करणं यांची लोक अदलाबदल करतात, पण झूमने करड्या चादरीतून ढग बाहेर येत नाही. ऐरणीखालून झूम केलंत तर ऐरणच मोठी होते.

रडारचा उपयोग दोन्हीकडे होतो, वेगवेगळा. हवामान खात्याच्या रडारचं चित्र पाऊस दाखवतं, ढगाची ऐरण नाही, आणि ते तुमच्यापर्यंत येईतो काही मिनिटं शिळं झालेलं असतं. लांबच्या फोटोला याने फरक पडत नाही. पुढ्यातल्याला पडतो, त्याची अख्खी संधीच साडेचार मिनिटांची आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत विजा दाखवतं. लांबचा फोटो काढताना मी त्यात एकच पाहतो: माझ्याभोवती ४० च्या आत काही नाही ना. समोरच्या ढगात मन गुंतलं की पाठीमागे दुसरा वाढतोय हे लक्षात येत नाही, आणि वळवाचा ढग अर्ध्या तासात डोकं वर काढतो.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकेच्या सपाट मैदानांतले आहेत. तिथे ईशान्येकडे सरकणाऱ्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या वादळाच्या आग्नेयेला उभं राहायची रीत आहे, कारण टोर्नेडो होणारा भाग तिथून उघडा दिसतो. आपले वळीव सहसा तसे फिरत नाहीत, तेव्हा ती दिशा पाठ करून इथे काही मिळत नाही. आणि वळचण दिसली की "चक्रीवादळ" म्हणून व्हिडिओ फिरवू नका. चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचं असतं, ते एका चौकटीत दिसतं ते उपग्रहातून.

जुलैत तर हा सगळा प्रश्नच मिटतो. मान्सून लागला की आभाळभर थर असतो, लांबून बघायला रिकामी जागाच उरत नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर किंवा पणजीच्या मिरामारला समुद्रावरून येणारी सर पुढ्यात उभं राहून टिपायची, एवढंच. अख्खे ढग पुन्हा दिसायला लागतात ते परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये.

त्या संध्याकाळी मित्राने ६:४० ला फोटो काढला आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्या गाडीवर धूळ, मग गारा. मी ६:४५ ला पहिला काढला आणि पाऊण तास काढतच राहिलो. सातच्या सुमारास माझ्यावरचं ऊन गेलं, पण इतक्या उंचीवर सूर्य उशिरा मावळतो. माथा पुढची पंधराएक मिनिटं गुलाबी होता. मग तोही विझला आणि आतल्या विजा दिसायला लागल्या, कंदिलात वात फडफडावी तशा, अजिबात आवाज न करता. आयएसओ २००, अॅपर्चर एफ/५.६, दहा सेकंद. मित्राला त्याच विजा टिपायच्या असत्या तर अॅपर्चर एफ/११ पेक्षा जास्त उघडता आलं नसतं, सगळं पांढरं झालं असतं. साडेसातला पहिला हलका गडगडाट ऐकू आला तसा ट्रायपॉड डिकीत गेला. मग गार वारा आला. त्याला ओल्या मातीचा वास होता, आणि बोपदेववर अजून एक थेंबही पडला नव्हता.