प्लग वायर बदलणे

प्लग वायर बदलणे : पेट्रोल मोटारीतील इग्निशन कॉइल (विजेचा दाब वाढवणारे वेटोळे) किंवा डिस्ट्रिब्युटर (ती वीज आळीपाळीने एकेका सिलिंडरला वाटणारा भाग) यांपासून सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगपर्यंत उच्च दाबाची वीज नेणाऱ्या वायरी काढून त्यांच्या जागी नवीन बसवण्याचे काम. गॅरेजांत त्यांना प्लग केबल किंवा हाय टेन्शन वायर असेही म्हणतात. घरच्या घरी निगुतीने करण्याजोग्या मोजक्या दुरुस्त्यांपैकी ही एक असून तिला अर्धा ते एक तास पुरतो. डिझेल इंजिनाला प्लग वायरी नसतात. अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असल्याने त्यांतूनही वायरी गेल्या. मारुती ८००, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडर अशा जुन्या गाड्यांत मात्र त्या आहेत, आणि या गाड्या गोव्यात अजून अनेक घरांनी जपून ठेवल्या आहेत.

बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल १० ते ३० हजार व्होल्ट करते. एवढ्या दाबाची वीज मिळेल त्या सोप्या वाटेने बाहेर पडू पाहते. तिला प्लगच्या टोकापर्यंत कोंडून नेणे हे वायरीच्या आवरणाचे काम. आवरण सहसा सिलिकॉनचे किंवा कृत्रिम रबराचे आणि वायरीची जाडी ७ किंवा ८ मिलिमीटर असते. आतला गाभा तीन प्रकारचा असतो : निव्वळ तांब्याचा, कार्बन भरलेल्या काचतंतूंचा किंवा बारीक तारेच्या वेटोळ्यांचा. तांब्याच्या गाभ्याला रोध जवळजवळ नसतो, पण ठिणगीबरोबर रेडिओत खरखर येते आणि फ्युएल इंजेक्शनच्या (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत संगणकाला चुकीचे संकेत जाऊ शकतात. म्हणून कार्बन गाभ्याला मुद्दाम रोध दिलेला असतो, मीटरमागे साधारण १० ते २० हजार ओहम. कंपनीने कार्बन गाभ्याची वायर दिली असेल तर तांब्याची बसवू नये. तिने ठिणगी ‘जोरदार’ होते ही समजूत चुकीची आहे.

कोरड्या हवेत वायर उष्णतेने आणि वयाने मरते. गोव्यात तिला बहुधा ओल मारते. खाऱ्या हवेने पितळी टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो. इंजिनावरच्या तेलकट थराला जांभ्या मातीची धूळ चिकटते आणि पावसात ती ओली झाली की विजेला बाहेरून वाट मिळते. एकदा ठिणगी त्या वाटेने गेली की डिस्ट्रिब्युटर कॅपवर किंवा प्लगच्या चिनीमातीवर काळी रेघ उमटते, आणि ती रेघ कोरड्या दिवसातही वीज वाहते. वायर बदलूनही मिसिंग (एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकणे) थांबत नाही त्याचे कारण अनेकदा हीच रेघ असते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, रस्त्याला जवळ असल्याने तिथे पाणी आणि चिखल लवकर पोचतो. तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) माणसाची गाडी सहा-आठ महिने मांगराच्या (शेतघराच्या) वळचणीला उभी राहते, तेव्हा उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. बाहेरून टोचल्यासारखी दिसणारी ती जागा बोटाने चाचपल्याशिवाय सापडत नाही.

खराब वायरीची पहिली खूण म्हणजे पावसाळी सकाळी गाडी थरथरत सुरू होणे आणि गरम झाल्यावर सुरळीत चालणे. चढावर पिकअप मार खातो, आयडलिंगला इंजिन हलते, सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो, पीयूसी चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) असलेल्या गाडीत हे दुखणे अंगावर काढू नये. न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन जळते, तो तापून वितळतो, आणि त्याची किंमत वायरींच्या कित्येक पट असते.

तपासणी दोन प्रकारे करावी. रात्री आजूबाजूचे दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून, झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींवर अगदी हलका तुषार सोडावा. गळती असेल तर निळसर ठिणग्या दिसतात आणि टिकटिक ऐकू येते. या वेळी कशालाही हात लावू नये. दुसरी तपासणी मल्टिमीटरची : वायर काढून दोन्ही टोकांत रोध मोजावा. अर्ध्या मीटरची कार्बन वायर साधारण ५ ते १० हजार ओहम दाखवते. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल किंवा अनंत दाखवत असेल तर गाभा तुटला आहे. मात्र आकडा बरोबर आला म्हणजे आवरण शाबूत आहे असे नव्हे, कारण मल्टिमीटरचा दाब काही व्होल्टचाच असतो. चालू इंजिनावर एकेक वायर हाताने उपटून मेलेला सिलिंडर शोधण्याची जुनी रीत सोडून द्यावी : जबर झटका बसतो, आणि मोकळ्या वायरीमुळे दाब कॉइलच्या आतच फुटून कॉइल निकामी होऊ शकते. हृदयात पेसमेकर असलेल्याने चालू इग्निशनजवळ जाऊच नये.

कामाला लागतात त्या वस्तू : गाडीच्या मॉडेलचा पूर्ण संच, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) सिलिकॉन ग्रीस, चिकटपट्टी, पेन, कोरडे फडके, विजेरी. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० च्या संचात तीन प्लग वायरी आणि कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची मधली एक अशा चार, पद्मिनीच्या संचात पाच. एकच खराब असली तरी सगळा संच बदलावा. बाकीच्यांनी तेवढीच वर्षे आणि तेवढेच पावसाळे काढलेले असतात.

इंजिन पूर्ण थंड असू द्यावे आणि बॅटरीचे ऋण टोक काढावे. नंतर एका वेळी एकच वायर काढावी आणि तिच्या जागी नवीन बसवूनच पुढच्या वायरीला हात लावावा. हा एक नियम पाळला की क्रम चुकण्याचा प्रश्नच येत नाही. जुनी वायर ओढताना वायर धरायची नाही, तिच्या टोकाची रबरी टोपी धरायची. पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे फिरवून ती मोकळी करावी आणि सरळ ओढावी. वायर धरून हिसका दिला की टोपी आणि आतली पितळी क्लिप प्लगवरच राहते. नवीन वायर जुनीशी लांबीला ताडून घ्यावी, टोपीच्या आतल्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस बोटाने फिरवावे. साधे चाकाचे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते.

प्लगवर दाबताना ‘टक्’ असे जाणवले पाहिजे. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला फसगत होते ती इथे : टोपीत हवा अडकते, टोपी बसल्यासारखी वाटते आणि हात काढल्यावर हळूच वर येते. आतले टोक अर्धवट राहिले की ठिणगी त्या फटीत उडत राहून पितळ जाळते. टोपीच्या कडेतून नारळाच्या झावळीचा कोरडा हीर सरकवून हवा सोडावी, हीर काढावा आणि पुन्हा दाबावे. वायरी मूळच्या पकडींतच बसवाव्यात, एक्झॉस्टपासून दूर. दिसायला नीटनेटक्या म्हणून त्या एकत्र बांधल्या तर शेजारच्या वायरीत वीज उतरून अवेळी ठिणगी पडते.

क्रम चुकलाच, तर इंजिन सुरू होत नाही किंवा कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर (व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन सर्वांत वर) आणावा. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता हात) कॅपमधल्या ज्या टोकाकडे बघतो ते पहिल्या सिलिंडरचे. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने मारुती ८०० ला १-३-२ आणि पद्मिनी, अँबॅसेडरला १-३-४-२ असा क्रम लावावा. डिस्ट्रिब्युटर नसलेल्या, दोन जोडकॉइलींच्या चार सिलिंडर गाड्यांत १ व ४ आणि २ व ३ यांना एकाच वेळी ठिणगी मिळते, त्यामुळे जोडीतल्या जोडीत अदलाबदल झाली तरी गाडी चालते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून तिच्यात काळी रेघ आहे का, मधला कार्बन झिजला आहे का आणि रोटरचे टोक जळले आहे का ते पाहावे. रेघ घासून जात नाही, कॅपच बदलावी लागते. प्लग काढायचे असल्यास आधी भोवतालची धूळ फुंकून टाकावी. नवीन प्लग अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये बोटांनी टेकेपर्यंत फिरवून नंतर पान्याने अर्धा फेरा पुरतो. पान्यानेच सुरुवात केली तर वाकडा आटा पडतो, आणि हेडचा आटा दुरुस्त करणे हे घरचे काम राहत नाही.

गोव्यात हे काम मे महिन्यात, मृगाच्या आधी उरकावे. पुढे पावसाळाभर इंजिनावर दाबाने पाणी मारून धुणे टाळावे. प्लगच्या खोबणीत साचलेले पाणी नव्या वायरीलाही गप्प करते. जुन्या संचातली सर्वांत लांब आणि मल्टिमीटरवर बरी निघालेली वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवावी. ती कोणत्याही सिलिंडरला पुरते, आणि चोर्ला किंवा अनमोड घाटात पावसात एखादी वायर गेली तर तिच्यावर गाडी घरी येते.