असंसदीय वेगळे, बदनामीकारक वेगळे

प्रचारसभेत एखाद्या पुढाऱ्याची जीभ घसरली की मथळा ठरलेला: ‘असंसदीय भाषेत टीका’. मैदानात बोललेला शब्द असंसदीय कसा होईल? असभ्य असेल, बदनामीकारक असेल, आचारसंहितेत अडकेल. असंसदीय ठरवायचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांचा, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींचा आणि तो सभागृहातल्या बोलण्यापुरताच.

बदनामीबद्दल फार सांगायला नको, अब्रुनुकसानीच्या नोटिशींच्या बातम्या सगळेच वाचतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९-५०० ऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागते. कैद पूर्वीइतकीच, जास्तीत जास्त दोन वर्षे.

असंसदीय शब्दाला कैद नाही, दंड नाही. लोकसभेत नियम ३८० खाली अध्यक्ष तो कामकाजातून वगळतात, छापील नोंदीत त्या जागी फुल्या येतात. असंसदीय शब्दांच्या यादीचाही उगाच बाऊ होतो. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयाच्या पुस्तिकेत ‘जुमलाजीवी’ वगैरे शब्द दिसले आणि बंदी आली म्हणून ओरड झाली. शेवटी कुठल्याही शब्दावर बंदी नाही, असे लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लांना सांगावे लागले. याद्या आंधळ्या असतात हे मात्र खरे. ‘गोडसे’ शब्द असंसदीय धरला जात होता आणि नाशिकच्या तेव्हाच्या खासदारांचे आडनावच गोडसे! हेमंत गोडसेंनी आक्षेप घेतल्यावर २०१५ मध्ये तेव्हाच्या अध्यक्ष सुमित्रा महाजनांनी ते दुरुस्त केले.

खरी गफलत पुढे आहे. शब्द कामकाजातून वगळला, म्हणजे आता गुन्हाही दाखल होणार, असे लोकांना वाटते. होत नाही. राज्यघटनेचे कलम १०५(२) खासदारांना आणि १९४(२) आमदारांना सभागृहात किंवा समितीत केलेल्या भाषणासाठी कोर्टापासून पूर्ण संरक्षण देते. वगळलेल्या शब्दालाही ते लागू आहे. १९७० मध्ये तेजकिरण जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या संरक्षणाचा अर्थ जितका व्यापक घेता येईल तितका घेतला. ‘हिंमत असेल तर हेच बाहेर बोलून दाखवा’ हे आव्हान सभागृहात उगाच दिले जात नाही. विधान भवनाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांपुढे तेच वाक्य बोलले की हे कवच उरत नाही.

राहुल गांधींचे २०१९ चे ‘मोदी’ आडनावावरचे वक्तव्य कोलारच्या प्रचारसभेतले होते. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तेव्हा ती परत मिळाली. तेच वाक्य लोकसभेत उच्चारले असते तर फार तर वगळले गेले असते, खटला उभाच राहिला नसता.

म्हणून मला शिवराळ आमदारापेक्षा गोड बोलणारा जास्त खटकतो. तो एकही असंसदीय शब्द न वापरता, उत्तर द्यायला सभागृहात हजर नसलेल्या माणसावर सभ्य भाषेत आरोप ठोकतो. त्या माणसाला ना सभागृहात बोलता येते, ना कोर्टात जाता येते. असा आरोप करण्याआधी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना पूर्वसूचना द्यावी, असे लोकसभेचा नियम ३५३ सांगतो. ती दिली होती का, हे विचारणारा वार्ताहर क्वचितच दिसतो. शब्द किती कडक होता, यावर मात्र रात्रभर चर्चा चालते.