फुगे फुगवताना गरगरतं का?

परवा भाच्याच्या वाढदिवसाला हवेचा पंप ऐनवेळी बिघडला म्हणून मी तोंडानेच फुगे फुगवायला बसलो. बारा-तेरा फुगे झाले असतील नसतील, डोकं गरगरायला लागलं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. ताई म्हणाली, "अरे ऑक्सिजन कमी पडला तुला, जोरजोरात श्वास घे." घेतले, तर अजूनच गरगरलं.

भराभर श्वास घेतला की मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो हा समज जवळपास घरोघरी आहे आणि तसे व्हिडिओही रोज फॉरवर्ड होतात. पण निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं, कोविडमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावून आपण सगळ्यांनीच ते बघितलंय, मग अजून भरायला जागा उरते कुठे? भराभर श्वासाने खरा बदलतो तो कार्बन डायऑक्साइड, तो भसाभस बाहेर पडतो. आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या याच वायूच्या तालावर चालतात, तो वाढला की त्या रुंदावतात, कमी झाला की आकसतात. 1940 च्या दशकात अमेरिकेत केटी आणि श्मिट या दोन शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह पहिल्यांदा नीट मोजला. लोकांना थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा आणि धमनीतलं नि मानेच्या शिरेतलं रक्त तपासायचं अशी त्यांची पद्धत. त्यांनी लोकांना मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावले तेव्हा मेंदूचा रक्तप्रवाह साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटला. म्हणजे फुगे फुगवताना मी मेंदूचं रक्तच कमी करत होतो.

मुंग्यांचं कारण वेगळं. कार्बन डायऑक्साइड रक्तात आम्ल तयार करतो, तो बाहेर पडून रक्तातलं आम्ल कमी झालं की मोकळं कॅल्शियम घटतं, नसा उगाच चेतवल्या जातात, कधीकधी बोटं आखडतातसुद्धा. काही शिबिरांत तासभर भराभर श्वास घ्यायला लावतात आणि असं झालं की "ऊर्जा जागृत झाली" म्हणून सांगतात, याचा मला मनापासून राग येतो. प्राणायामाने कुणाला शांत वाटत असेल तर छानच आहे, पण घाबरलेल्या माणसाच्या आखडलेल्या बोटांना सिद्धी म्हणू नये.

आता माझा आवडता भाग. श्वास कधी घ्यायचा हे मुख्यतः ऑक्सिजन नाही, कार्बन डायऑक्साइड ठरवतो. 1905 मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी दाखवलं की फुप्फुसातल्या हवेत हा वायू नुसता 0.2 टक्क्यांनी वाढला तरी श्वसन दुप्पट होतं. तो ओळखणाऱ्या मुख्य पेशी मेंदूच्या बुडाशी, मस्तिष्कपुच्छात (जुन्या पुस्तकातली लंबमज्जा) असतात. रक्तातलं आम्ल मेंदूत सहज शिरत नाही पण हा वायू आरपार जातो, तिथल्या पाण्यासारख्या द्रवात आम्ल वाढवतो आणि त्या द्रवात प्रथिनं फारशी नसल्यामुळे आम्लाला आवर घालणारं कुणी नसतं, पेशींना लगेच कळतं. म्हणूनच विहिरीत बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणाऱ्या पोरांना थांबवा, त्यांचा कार्बन डायऑक्साइड इतका खाली गेलेला असतो की जीव घुसमटायच्या आत ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्याखालीच बेशुद्ध पडतं.

पण गंमत पुढे आहे. या पेशींना धमनीतला वायू थेट कळत नाही, कळतो तो आजूबाजूच्या पेशीजालातला, आणि तिथे तो किती साठणार हे रक्तप्रवाहावर अवलंबून. वायू वाढला, वाहिन्या रुंदावल्या, जास्त रक्त आलं आणि त्याने साठलेला वायू धुऊन नेला, म्हणजे श्वासाचा धक्का थोडा सौम्य झाला. उलट वायू घटला की वाहिन्या आकसतात, धुणं कमी होतं, पेशींजवळ थोडा वायू टिकून राहतो आणि श्वास एकदम बंद पडत नाही. दोन्हीकडून ब्रेक. हा ब्रेक ढिला पडला की श्वास हेलकावे खातो. लेहला, 3500 मीटरवर, पहिल्या रात्री शेजारी झोपलेल्याचा श्वास मोठामोठा होत जातो, मग काही सेकंद पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, आपलाच जीव वर-खाली होतो. तिथे मूळ कारण विरळ हवा, पण तो हेलकावा किती मोठा हे ठरण्यात या रक्तप्रवाहाचाही वाटा असतो.

मग प्रश्न पडतो की ओळखणाऱ्या पेशींजवळचाच वायू धुतला गेला तर त्यांना इशारा मिळणार कसा? 2017 मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात याचं उत्तर दिसलं. मेंदूच्या बाकी भागात कार्बन डायऑक्साइडने वाहिन्या रुंदावतात, पण मस्तिष्कपुच्छातल्या नेमक्या त्या ठिपक्यात त्या आकसतात! शेजारच्या आधारपेशींतून (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) सुटणारं एटीपी नावाचं रसायन ते घडवून आणतं. वायू तिथेच साचून राहतो आणि इशारा जोरात जातो. संशोधकांनी औषध लावून ते आकसणं रोखलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड वाढूनही उंदरांचा श्वास एरवीइतका वाढला नाही.