घोड्याच्या खुरास्थीचे छुपे अस्थिभंग : प्रतिमानिदान

घोड्याच्या पायातील सर्वांत खालचे हाड म्हणजे खुरास्थी. पशुवैद्यक त्याला पेडल बोन किंवा कॉफिन बोन म्हणतात. ते खुराच्या कठीण कवचात पुरते बंदिस्त असते. त्यामुळे हाड तडकले तरी बाहेरून वाकडेपणा दिसत नाही, तुकडे एकमेकांवर घासल्याचे हाताला लागत नाही. उलट कवचच त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. रुग्णाला ही सोय, निदान करणाऱ्याला अडचण.

वेगात धावताना कठीण जमिनीवर पाऊल वेडेवाकडे पडणे किंवा भिंतीवर लाथ बसणे ही नेहमीची कारणे. घोडा एकाएकी लंगडतो, खूर गरम लागतो, त्याच्या वरची नाडी ठणठण उडते आणि चिमट्याने तळवा दाबताच तो पाय ओढून घेतो. खुरात पू झाला तरी लक्षणे हीच असतात, म्हणून पुवाच्या शोधात तळवा कोरत बसण्याचा मोह होतो.

या अस्थिभंगांचे सात प्रकार मानतात. हाडाच्या मागे वळलेल्या दोन टोकांपैकी एखादे मोडणे सर्वाधिक आढळते. भेग सांध्यात शिरली आहे की नाही, हा त्यातला कळीचा प्रश्न, कारण सांध्याचा संधिवात आणि घोड्याचे पुढचे काम त्यावर ठरते.

पहिली तपासणी एक्स-रेचीच. नाल काढून खूर घासतात आणि तळव्यावरच्या खाचा मऊ लगद्याने बुजवतात; नाहीतर खाचेतली हवाच भेगेसारखी उमटते. किरण भेगेच्या रेषेत गेले तरच ती दिसते, म्हणून तिरक्या कोनांतूनही चित्रे घ्यावी लागतात. एवढे करूनही ताजी, केसासारखी भेग निसटते. पुढे भेगेच्या कडांचे हाड विरघळून ती रुंदावते, म्हणून 7 ते 14 दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढतात. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घोड्याला कामाला जुंपणे धोक्याचे, कारण न हललेली भेग त्याने सरकू शकते.

थांबण्याची तयारी नसेल तर प्रगत तंत्रे आहेत. अस्थि-सिंटिग्राफीत टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेले औषध शिरेतून देतात. हाडाची उलाढाल वाढलेल्या जागी ते साठते आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा ठळक दिसते. दुखणे कुठे आहे हे कळते, पण भेग की नुसता मार, हे नेमके सांगता येत नाही. सीटी स्कॅन हाडाचे पातळ छेद दाखवतो. भेगेची दिशा, तुकड्यांची संख्या आणि सांध्यातला पायरीसारखा फरक त्यात स्पष्ट होतो. स्क्रू बसवायचा असेल तर हीच तपासणी उपयोगाची. एमआरआयचे बळ वेगळे: हाडातला द्रवसंचय, स्नायुबंध आणि कंडरा त्यात दिसतात, त्यामुळे हाड मोडण्याआधीची इजाही पकडता येते.

उच्च क्षमतेच्या एमआरआयसाठी घोड्याला पूर्ण भूल द्यावी लागते आणि भुलेतून उठताना धडपडून नवा अस्थिभंग होण्याची भीती असते. ज्याचा पाय आधीच तडकला आहे, त्याच्या बाबतीत ती अधिकच. कमी क्षमतेची उभ्याने वापरायची यंत्रे म्हणूनच लोकप्रिय झाली. गुंगीचे औषध देऊन घोडा उभा ठेवतात. मात्र तो डुलला की चित्र बिघडते.

खुरास्थीची भेग पुष्कळदा नव्या हाडाने नव्हे, तंतुमय ऊतीने सांधते. त्यामुळे लंगडणे थांबल्यावरही एक्स-रेत ती रेघ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहते. अशा वेळी रेघ जुनी आहे की अजून जिवंत, हे ठरवायला एमआरआय किंवा सिंटिग्राफीच लागते.