साइक्स: ओढ्याकाठचं आडनाव आणि वाय गुणसूत्र

दख्खनच्या माळरानावर फिरणाऱ्या पक्षिनिरीक्षकांना साइक्स हे नाव नवं नाही. कंपनी सरकारच्या काळात इथे नोकरीला असलेल्या कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये इथल्या तुरेवाल्या चंडोलाचं शास्त्रीय वर्णन केलं. हे साइक्स मूळचे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे, आणि त्यांचं आडनावही तिथलंच.

जुन्या इंग्रजीत ‘सीक’ म्हणजे ओहोळ. बऱ्याचदा दोन जमिनींची हद्दही तोच. ओहोळाकाठी राहणाऱ्याला गावाने त्यावरूनच ओळखावं, जहागिरीच्या दप्तरात तसंच नाव चढावं आणि पुढे ते मुलांनाही चिकटावं, अशी इंग्लंडमधली कितीतरी आडनावं घडली. पश्चिम यॉर्कशायरमधल्या वेकफील्ड जहागिरीच्या दप्तरात साइक्सचं जुनं रूप तेराव्या शतकापासून दिसतं. पण तिथल्या डोंगरउतारांवर ओहोळांना काय तोटा? म्हणजे हे आडनाव ठिकठिकाणी वेगवेगळ्या माणसांना पडलं असणार, असंच कुणालाही वाटेल.

ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी हे तपासून पाहिलं. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, आणि इंग्लंडमध्ये आडनावाची वाटही तीच. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएची बारीक अक्षरमाला पुन्हापुन्हा येते. ती किती वेळा येते हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या बहुधा तसाच राहतो, क्वचित एकाने कमी-जास्त होतो. ब्रायन साइक्स यांनी साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांचे असे चार आकडे पाहिले. २१ जणांचे चारही तंतोतंत जुळले! तुलनेसाठी घेतलेल्या इतर इंग्लिश पुरुषांत ही जुळणी मिळाली नाही. २००० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: साइक्स बहुधा एकाच पुरुषाचे वंशज. बाकीच्यांचा वेगळेपणा दत्तक, आईचं आडनाव किंवा विवाहबाह्य संबंधांतून आला असावा.

मला मात्र हा निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. समजा, सुरुवातीला दहा साइक्स घराणी होती. एकाला मुलीच झाल्या, दुसऱ्याची मुलं साथीत गेली, तिसऱ्याचा वंश दोन पिढ्यांनी खुंटला. सातशे वर्षांत असं होत होत एखादंच घराणं फोफावलं, तरी आज चित्र ‘एकच मूळपुरुष’ असंच दिसेल. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जोब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या योगायोगाचा विचार आहे. स्मिथ, म्हणजे लोहार, हे आडनाव गावोगावी पडलेलं. त्यांची गुणसूत्रं परक्यांइतकीच वेगळी. अ‍ॅटनबरो हे विरळ आडनाव. त्यात दहातले जवळजवळ नऊ एकाच वंशातले. साइक्स या दोघांच्या अधेमधे कुठेतरी बसतात, आणि तिथे चार आकड्यांवर भागत नाही. कितीतरी जास्त ठिकाणं तपासावी लागतात, शिवाय वेकफील्डची दप्तरंही पुन्हा उघडावी लागतात.